गुळगुळीत दात

१२ जानेवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

दात मिळाला. कापसात गुंडाळून, डबीत घालून, वर वहिनीची सुबक चिकटपट्टी! आमच्या संग्रहालयाचं एक्स-रे यंत्र बंद पडलं नसतं, तर तुझ्या दातांच्या दवाखान्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पेशंट कधी आला नसता. एक्स-रे छान आलाय. शिवाय दातावरचं ते कडक मातीचं कवच काढून दिलंस, त्यासाठी तुझी पाठ थोपटायला हवी.

आता खरी बातमी. हा शार्कच्या नात्यातला, केव्हाच नामशेष झालेला मासा. यांचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. मागे राहतात ते दात. म्हणून दातावरूनच मासा ओळखायचा. या कुळातले जेवढे दात आमच्याकडे आहेत, त्या सगळ्यांवर केसासारख्या बारीक उभ्या रेघा आहेत. आपला मात्र काचेसारखा गुळगुळीत! नवी जात आहे, दादा. तिला मी बाबांचं नाव देणार. जन्मभर लोकांचे दात बघितलेल्या माणसाला याहून चांगलं काय देणार?

कालच्या बैठकीत हे सांगितलं, तर आमचे थोरले साहेब, ज्यांनी मला हे काम शिकवलं तेच, म्हणाले की दात घासल्यासारखा वाटतो. मीही सुनावलं, की वय झालं की माणसाला सगळंच झिजलेलं दिसतं. सगळे खूप हसले.

बाबांना लगेच सांग. वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
ठकू


२० जानेवारी

चि. ठकूस,
अ. आ.

तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, तिथेच माती खाल्ली. त्यांनी काम सोडलं असलं तरी रोज दवाखान्यात येऊन बाकावर बसतात, हे तुला ठाऊक आहेच. आता येईल त्या पेशंटला माशाची गोष्ट सांगतात. दाढ ठणकत असलेला माणूस पळून तरी कुठे जाणार?

ठकू, तो दात मी घासला. कवच काढल्यावर खाली तपकिरी रेघा दिसल्या. मला वाटलं, कीटण. आपल्याकडून कुठलाही दात मळका बाहेर जायचा नाही, हा बाबांचा शिरस्ता. मी दात घासायचं फिरतं चाक लावलं, मग पेस्ट लावून रबराने चकाकी आणली. तुला चकित करायचं होतं, म्हणून बोललो नाही. पत्रात रेघांचा उल्लेख आला, तेव्हा मला माझी चूक कळली. तरी वाचत राहिलो, कारण बाबा ऐकत होते.

इतके दिवस लिहायचं टाळलं, याचीही लाज वाटते. तुझ्या नावाला बट्टा लागणार तो माझ्यामुळे. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. जीभच रेटत नाही.

हवी तेवढी रागाव, पण पत्र धाडत राहा.

तुझा,
दादा


२७ जानेवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझ्यावर जाम भडकले. कुणी जीवाश्माला पेस्ट लावतं का रे? मग दात पुन्हा भिंगाखाली धरला, आणि राग कुठल्या कुठे गेला. दातावर अगदी पुसट, गोल गोल ओरखडे आहेत. ते मी पहिल्याच दिवशी पाहिले होते, दादा. खाताना झालेली झीज, असं लिहून मोकळी झाले. चक्कीसारखा गरगर फिरून चावणारा मासा कधी कुणी पाहिलाय? मला बाबांचं नाव द्यायचं होतं, म्हणून डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. मुळाजवळच्या खाचेत, जिथे तुझं चाक पोचलं नाही, तिथे रेघा शाबूत आहेत. मासा जुनाच, आमच्या कपाटात त्याचे दात ढिगाने पडलेत.

साहेबांच्या खोलीत जाऊन माफी मागितली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. उलट म्हणाले, की त्या बैठकीनंतर त्यांना स्वतःच्याच नजरेचा भरवसा वाटेना, म्हणून त्यांनी हातातलं काम दुसऱ्याकडे दिलं. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. उद्याच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर खरं ते सांगणार आहे.

बाबांना मात्र तूच सांग. माझी छाती होत नाही. धाकटीवर लोभ ठेव, आत्ता त्याची फार गरज आहे.

तुझी,
ठकू


४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. आ.

भरल्या बैठकीत बोललीस, हे तुझ्या फोनवरून वहिनीला कळलं. शाबास.

मीही बाबांना सगळं सांगितलं. चाक, पेस्ट, काही लपवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की ठकूची नोकरी जाणार नाही ना. नाही म्हटल्यावर झोपायला गेले.

आज सकाळी नेहमीसारखे बाकावर येऊन बसले. ज्यांना माशाची गोष्ट सांगितली होती, त्यातल्या एक बाई पुन्हा आल्या होत्या. बाबा आपणहून उठून त्यांना म्हणाले, की नवा मासाबिसा काही नाही. या दवाखान्यात दात चकचकीत करायची खोड मीच लावली, त्या खोडीने माझ्या मुलीचा मासा गिळला. आणखी दोघं आली, त्यांनाही तेच. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

मी आत पेशंटच्या तोंडात आरसा धरून उभा होतो. मधे नुसता पडदा, शब्द न् शब्द ऐकू येत होता. आरसा खाली ठेवला. पडदा सारून, तो दात घासला मी, एवढंच म्हणायचं होतं.

ठकू, मी बाहेर गेलो नाही.

माझ्यासाठी थोडा लोभ उरला असेल, तर ठेव.

तुझा,
दादा