रिकाम्या गोदामातली पुष्पावती

अणदूर,
मंगळवार, ११ फेब्रुवारी १९८६

ती. श्रीपतीमामांना तुमच्या यशोधरेचा मनापासून जय भीम.

तुमचं कार्ड आज सकाळी मिळालं. मामींचा गुडघा आता कसा आहे? आणि तुमचा खोकला? सोलापूरची हवा कोरडी आहे असं तुम्ही लिहिता, पण इथली हवा पाहिलीत तर सोलापूर ओलं वाटेल. आम्ही सगळे बरे आहोत. विहिरीनं तळ दाखवला आहे, टँकर दोन दिवसांआड येतो आणि आई टँकरवाल्याशी रोज भांडते (तो आला नाही त्या दिवशीही भांडते, समोर नसला की तिला जास्त सुचतं). माझी साखर कारखान्यातली नोकरी चालू आहे. कारखाना मात्र बंद आहे. ऊसच नाही, त्यामुळे डिसेंबरातच धुराडं थंड झालं. आम्ही कचेरीत बसून एकमेकांना अर्ज लिहितो.

तुम्ही कार्डावर दोनच प्रश्न विचारलेत. चंद्रप्रभाबाई कशा गायल्या? आणि शनिवारच्या दुसऱ्या प्रयोगाला मी येऊ का? पहिल्याचं उत्तर एका वाक्यात बसत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. दुसऱ्याचं आधीच देऊन टाकते. येऊ नका. कृपा करून येऊ नका. कारण वाचाल तेव्हा रागावणार नाही अशी आशा आहे.

‘संगीत पुष्पावती’ चाळीस वर्षांनी पुन्हा रंगमंचावर यावं ही खटपट माझी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कारखान्याच्या सांस्कृतिक मंडळाची मी सचिव (कचेरीत दुसरं कुणी पदवीधर नव्हतं म्हणून, निवडणूक वगैरे झाली नाही). चेअरमन तात्यारावांना कव्वालीचा मुकाबला हवा होता. मी त्यांना सलग तीन आठवडे समजावलं की दुष्काळात माणसांना नुसत्या सुकडीवर ठेवता येत नाही, त्यांना उत्तम कलाही मिळाली पाहिजे. शेवटी ते म्हणाले, “मॅडम, आणा तुमची बाई, पण गप बसा.” मग मी चाळीस वर्षांपूर्वीच्या पुष्पावतीला मिरजेला पत्रं लिहिली. सहाव्या पत्राला चंद्रप्रभाबाईंचं उत्तर आलं. लहानपणी तुम्ही मला मांडीवर घेऊन त्यांची पदं म्हणायचा, तेव्हापासून त्या माझ्या मनात कुठेतरी उंच, दिव्याखाली उभ्या होत्या. त्या अणदूरला एसटीनं आल्या आणि पिशवीतून बाम काढून त्यांनी आधी घोट्याला चोळला.

नाट्यगृह आपल्याकडे कुठलं? पण साखरेचं मोठं गोदाम रिकामं पडलं होतं. या टोकाचा माणूस त्या टोकाहून बोटाएवढा दिसतो. वरती पत्रा, चारी बाजूंना चुन्याच्या भिंती, भिंतींवर पोत्यांच्या थप्प्यांचे आकडे. साखरेचा एक दाणा उरला नाही, तरी मुंग्यांची रांग रोज आत येते, सात नंबरच्या थप्पीच्या जागेला वळसा घालते आणि रिकामी परत जाते. विजेचा भरवसा नसल्यामुळे प्रयोग दुपारी तीनला ठेवला. म्हणजे मामा, पुढे जे सांगणार आहे ते सगळं भर दुपारी, लख्ख उजेडात आणि सातशे माणसांच्या देखत घडलं आहे. मी उपाशी नव्हते, मला ताप नव्हता.

गोदाम पाहायला मी गेले तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. तिथले राखणदार रेवणसिद्ध आत शिरताना चपला काढतात आणि तिथं असेपर्यंत तोंडानं बोलत नाहीत, हातवारे करतात. मी सहज “हॅलो” म्हणाले. थोड्या वेळानं पलीकडच्या भिंतीकडून “हॅलो” परत आलं. प्रतिध्वनी पाचवीच्या पुस्तकात असतो, त्यात नवल नाही. नवल एवढंच की आवाज माझाच होता, पण दुसरीतल्या माझा. पुढचे दोन दात पडलेले असताना जसा यायचा तसा (मी पत्र्याला दोष दिला). रेवणसिद्धांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि मग बोलले.

“पोती असली की गप बसतंय बगा. पोती न्हाईत की बोलतंय.”

“काय बोलतंय?”

“तुमीच बोलताव. पर आधीचं.”

मी त्यांना अंधश्रद्धेवर पंधरा मिनिटं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तंबाखू मळली.

रविवारी गोदाम भरलं. नळदुर्गाहून, जळकोटहून बैलगाड्या आल्या होत्या. सुरुवातीला तात्यारावांचं भाषण. त्यांचं भाषण पाऊण तासाखाली कधी आलेलं नाही. “शेतकरी बंधूंनो,” ते गरजले. भिंतीकडून उत्तर आलं ते एका कोवळ्या, घाबरलेल्या, फार खऱ्या आवाजाचं. वीस-एकवीस वर्षांचा कार्यकर्ता पहिल्यांदा टेबलावर चढून बोलतो, तसा. लोक हसले. तात्याराव हसले नाहीत. “आपण पाणी आणू,” असं त्यांनी अर्ध्या आवाजात म्हणून पाहिलं. पलीकडचा पोरगा तेच वाक्य असं म्हणाला की माझ्या शेजारच्या म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. तात्यारावांनी दोन मिनिटांत भाषण संपवलं. कारखान्याच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

मग पडदा वर गेला. मामा, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. चंद्रप्रभाबाई सहासष्ट वर्षांच्या आहेत आणि पुष्पावती सोळाची. टोपाची वेणी कमरेपर्यंत होती आणि जरा तिरकी बसली होती. वनात खडकावर बसायचा प्रवेश होता. त्या बसल्या खऱ्या, पण उठवायला दोन सख्या लागल्या, त्यातली एक सखी पन्नाशीची. आवाज फाटलेला नव्हता, पण विरलेला होता. जुन्या लुगड्याची घडी उजेडाकडे धरली की आरपार दिसतं ना, तसा. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या अंकात तुमचं ते जोगियातलं पद आलं. बाईंनी पहिली ओळ घेतली, वरच्या सुराला थोड्या अडखळल्या, तो तसाच सोडून खाली आल्या. आणि मग गोदामाच्या त्या टोकाकडून तीच ओळ आली. मामा, ती पुष्पावती होती. वरचा सूर कुठेही न थरथरता, जसा काही तो तिथेच टांगलेला होता आणि तिनं नुसता हात लावला. मागच्या रांगेतल्या लोकांनी आधी माना वळवल्या. मग मधल्यांनी. ताडपत्रीवर सातशे माणसं हळूहळू फिरत असल्याचा एक आवाज होतो, तो मी पूर्वी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. बघता बघता सगळं गोदाम रंगमंचाकडे पाठ करून रिकाम्या भिंतीसमोर बसलं. मी पहिल्या रांगेत होते, छातीवर स्वयंसेविकेचं फूल लावून. मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. तरी मी वळले.

बाईंच्या ते ध्यानात आलं असणार, कारण त्या ओळीच्या मध्येच थांबल्या. भिंत थांबली नाही. तिनं ओळ पुरी केली, वर एक तान घेतली (जी आज कुणीच गायली नव्हती) आणि समेवर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्याही परत आल्या, पण आमच्यापेक्षा कितीतरी जास्त हातांच्या, आणि त्यांत कुणीतरी “वन्स मोअर” ओरडलं. आपल्याकडे कुणी “वन्स मोअर” म्हणत नाही, आपल्याकडे म्हणतात “पुन्ना होऊ द्या.” मी मोजून सात माणसांना विचारलं. कुणीच ओरडलं नव्हतं.

प्रयोग संपल्यावर मी पोती शिवायच्या खोलीत गेले, तिथं रंगपट केला होता. बाई टोप काढून चहा पीत बसल्या होत्या. जवळून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट खटकली. त्यांच्या नाकातल्या हिरव्या खड्याच्या मोरणीबद्दल तुम्ही मला शंभरदा सांगितलं आहे. मामा, त्यांचं नाक टोचलेलंच नाही. कधीच टोचलं नव्हतं म्हणाल्या.

“पोरी, तू पुढं बसली होतीस ना?”

“हो बाई.”

“कुणाचं ऐकलंस?”

“तुमचंच.”

“खोटं बोलू नकोस. तुझा अंबाडा दिसत होता मला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र रागावल्या नव्हत्या. त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या, “ती चांगलीच गायची. मला काय माहीत नाही? मीच होते की ती. पण त्या पदातली बाई कुणाची वाट बघते, किती बघते, ते तिला काही कळत नव्हतं. नुसता गळा होता. मला आता कळलंय, तर गळा नाही.” मग बशी संपवून म्हणाल्या, “शनिवारी एक तरी तोंड माझ्याकडे असलं, तर मी पुरं पद म्हणेन. नाहीतर गाऊ दे तिला. मी आत चहा पीत बसते, आणि त्यानंतर कुठंच उभी राहणार नाही.”

तेव्हापासून मी झटते आहे. बाईंना मी बोलावलं, माझ्या पत्रांनी त्या आल्या, आणि त्यांचं शेवटचं गाणं पाठींसमोर झालं तर त्याची जबाबदार मी. रेवणसिद्धांना विचारलं, पोती कुठून आणता येतील? ते म्हणाले, “आबाळाला इचारा,” आणि वर बोट दाखवलं. तात्यारावांकडे गेले, तर त्यांचा उत्साह वेगळाच. सोलापुरापर्यंत बातमी गेली आहे आणि लोक भिंत ऐकायला येणार आहेत. त्यांनी हुकूम दिला आहे की शनिवारी खुर्च्या आणि ताडपत्र्या उलट्या, भिंतीकडे तोंड करून मांडायच्या. मी म्हणाले हा कलावंताचा अपमान आहे. ते म्हणाले, “मॅडम, लोकांच्या मानेचा बी इचार करा की.” (स्वतःचं भाषण मात्र त्यांनी कार्यक्रमातून काढून टाकलं आहे.) शेवटी मी ठरवलं, आपणच बाईंकडे पाहत बसायचं. काल तालमीला कानांत कापूस घालून बसले. कापसातून तो आवाज आणखी गोड आला. मी पुन्हा वळले, मामा. मी बी.ए. आहे, माझी मतं ठाम आहेत, आणि मी दोनदा वळले.

तेव्हा बाई कशा गायल्या, याचं उत्तर असं : भिंत जास्त चांगली गायली. हे लिहिताना मला माझी चीड येते, पण खरं तेच आहे. आणि येऊ नका अशासाठी म्हणते की या बाईंवर तुम्ही उभा जन्म जीव लावला. तुम्हाला त्यांच्याकडे पाठ करून बसलेलं मला बघवणार नाही. आठवणीत आहेत तशा असू द्या.

मामींना आणि शेजारच्या सगळ्यांना आठवण सांगा. खोकल्यावर ज्येष्ठमध चघळा.

तुमची भाची,
यशोधरा

ता. क. पत्र बंद करण्याआधी आईला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली आणि मग रडली, का ते कळेना. मग म्हणाली, “येऊ नको कशाला लिवतीस गं? त्याला कुठं ऐकू येतंय! तीस वरसं गिरणीत मागावर काढली, कान कवाच गेले. तुझ्या मामीला नि मला ठावं हाय, तुमा पोरांपुढं लपवतोय त्यो.” मामा, हे खरं आहे? मागच्या वैशाखात मी तुमच्याशी दोन तास हुंडाबंदीवर बोलले आणि तुम्ही प्रत्येक मुद्द्याला मान हलवलीत. मला वाटलं घरात एक तरी माणूस माझ्या विचारांचा आहे.

ता. क. दुसरा. आईनं आणखी सांगितलं. त्या काळी आपल्या माणसांना तंबूत बसायला मिळायचं नाही, म्हणून तुम्ही कनातीबाहेर बैलगाडीच्या चाकाला टेकून सगळी पदं ऐकलीत, आणि चंद्रप्रभाबाईंना उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलं नाहीत. म्हणजे ती मोरणी, ते डोळे, पद म्हणताना उजवा हात कसा उचलायच्या ते, सगळं तुमच्या मनचं. मी रागावले नाही. (हात त्या डावा उचलतात.)

ता. क. तिसरा. वरचं सगळं रद्द समजा. शनिवारी या. सकाळची नळदुर्ग गाडी धरा, मी फाट्यावर उभी असेन. मी आत्ताच तात्यारावांच्या घरी जाऊन आले. बाकी सगळ्या खुर्च्या उलट्याच राहतील म्हणाले, पण एक खुर्ची सुलटी मांडायला त्यांनी कबुली दिली आहे, अगदी पुढे, मध्यभागी. बाईंना मी सांगितलं की एक माणूस येतोय. त्यांनी विचारलं, जाणकार आहे का? मी हो म्हणाले.

येताना चष्मा आणा.