नवव्या हीटमधलं पिवळं हेल्मेट

बाबा,

घडलेलं आधी क्रमाने लिहिते. मतं नंतर.

१. मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी दहा चाळीसला, क्वीन्सटाउनच्या आमच्या लॅबमध्ये रोटरची एक चाचणी संपली आणि मोटरची वीज तुटली.

२. रोटर एका बंद पेटीत फिरतो. वीज तुटल्यावर ठरावीक वेळाने पेटीच्या दाराचं कुलूप आपोआप उघडतं. ही वेळ पूर्वी पंधरा सेकंद होती. तीन आठवड्यांपासून ती पाच सेकंद आहे.

३. कुलूप उघडल्याचा आवाज आला. तंत्रज्ञाने दार उघडलं आणि हात आत घातला.

४. रोटर अजून फिरत होता. त्याला ब्रेक नाही.

५. तंत्रज्ञाच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली.

६. दार उघडण्याआधी काचेतून रोटर थांबल्याची खात्री करायची, असा लेखी नियम आहे. त्याने काचेतून पाहिलं नाही.

७. चौकशीचा अहवाल मला लिहायचा आहे. त्यात 'मूळ कारण' या रकान्यात एकच चौकट निवडता येते.

हे तुम्हाला लिहायचं कारण सरळ आहे. एक पडला की बाहेर कोणाला काढायचं, हे मला तुम्ही शिकवलंत. माझ्या ओळखीत हा प्रश्न विचारण्यासारखं दुसरं कोणी नाही. इथे रेस म्हटलं की लोकांना मोटारी आठवतात. स्पीडवे म्हणजे काय ते मी ऑफिसात एकदाच सांगितलं होतं: चार मोटरसायकली, अंडाकृती मातीचा ट्रॅक, चार फेऱ्या, साधारण एक मिनिट, एकच गिअर आणि ब्रेक अजिबात नाही. सगळे हसले. ब्रेक नाही म्हणजे वेडेपणा, असं त्यांचं म्हणणं पडलं. माझं मत अजूनही तुमचंच आहे. ब्रेक नसतो म्हणूनच ते चौघं एकमेकांच्या इतक्या जवळून जाऊ शकतात. पुढचा एकदम थांबणार नाही हे मागच्याला माहीत असतं. प्रत्येक गाडी आपल्या वेळेनेच थांबते, आणि ती वेळ बाकीच्यांनी गृहीत धरलेली असते. मी हे वाक्य गेल्या दहा दिवसांत बरेचदा मनात म्हटलं आणि प्रत्येक वेळी ते मला थोडं वेगळं वाटलं.

मी अजूनही बघते. तिकडच्या शनिवार संध्याकाळच्या हीट, म्हणजे एकेक शर्यत, मी इथे रविवारी सकाळी बघते. निकाल आधी कळू नये म्हणून फोन बंद ठेवते आणि पेन्सिलीने पान भरते. आता ट्रॅक फार गुळगुळीत करतात असं माझं मत आहे. सुरुवातीच्या रेषेवरची आडवी टेप वर गेल्यावर जो पुढे निघतो तोच बहुतेक वेळा जिंकतो, मागून कापत येणारे कमी झालेत. तुम्हाला ते आवडलं नसतं. आई माझ्याकडे, सेरंगूनच्या घरी आली आहे. ती मटार सोलता सोलता स्क्रीनकडे बघते. परवाच्या रविवारी म्हणाली, "एवढी शिकलीस, आणि बघतेस काय, तर चार माणसं डावीकडे वळतायत."

"ते नेहमी डावीकडेच वळतात, आई."

"तेच म्हणते मी. तुझ्या बाबांनाही मी हेच म्हणायचे. ते म्हणायचे, वळतात कुठे, घसरतात."

तुम्ही इंग्लंडला कारखान्यात ट्रेनिंगला गेला होतात ते नऊ महिने मला ऐकूनच पाठ आहेत. ज्यांच्या घरी राहायचात ते म्हातारे गृहस्थ तुम्हाला दर आठवड्याला ट्रॅकवर न्यायचे. तिथे प्रेक्षक नुसते बघत नाहीत. प्रत्येकाच्या हातात कार्यक्रमपत्रिका असते आणि प्रत्येक हीटनंतर सगळं स्टँड मान खाली घालून गुण भरतं. तीन, दोन, एक, शून्य. गाडी बंद पडली तर E, रेफरीने बाहेर काढलं तर X. तुम्ही पुण्याला परत आलात ते ही सवय घेऊन. पुढे ते गृहस्थ शर्यतींच्या व्हिडिओ कॅसेटी पाठवत राहिले आणि आपण रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पानं भरत राहिलो. माझ्या दहाव्या वाढदिवसाला तुम्ही मला एक वही दिलीत, शंभर पानं स्वतः पट्टीने आखलेली, आणि चार रंगीत पेन्सिली. लाल, निळी, पिवळी, पांढरी. चार हेल्मेटांचे चार रंग. पांढऱ्या पेन्सिलीने मी नाव लिहिलं आणि कागदावर काहीच उमटलं नाही. मी रडवेली झाले. तुम्ही पान तिरकं करून उजेडात धरलंत. म्हणालात, "आहे की तो. दिसत नाही एवढंच."

आता नववी हीट. मी बारा वर्षांची आहे. कॅसेटवर चौघं पहिल्या वळणात एकदम शिरतात, निळं हेल्मेट पडतं, लाल दिवा लागतो. नियम तुम्ही मला दोन वाक्यांत सांगितलेला आहे. ज्याच्यामुळे हीट थांबली तो बाहेर. पण पहिल्याच वळणात सगळे दाटीने शिरले आणि दोष कोणा एकाचा नसला, तर चौघे परत, म्हणजे चौघांना घेऊन हीट पुन्हा. मी रेफरीचा निर्णय यायच्या आधीच लिहून टाकते: चौघे परत. पडद्यावर रेफरी पिवळ्याला बाहेर काढतो. तुम्ही माझी वही ओढता, खोडरबर घेता, पुसता, आणि पिवळ्यापुढे X मारता.

"रेफरीबाई, घाई कसली?"

"पण बाबा, सगळेच एकमेकांना लागत होते."

"सगळे म्हणजे कोणीच नाही. कारण शोधायचा कंटाळा आला की माणूस 'सगळे' म्हणतो. दया करायची तर दुसऱ्या वहीत कर."

मी त्यानंतर अनेक वर्षं 'सगळे' हा शब्द वापरला नाही. इंजिनिअरिंगला गेले, बिघाडांची कारणं शोधणं हेच माझं काम झालं, आणि ते मी चांगलं करते असं माझे वरिष्ठही म्हणतात. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी अहवाल लिहिताना तुमचं खोडरबर मला दिसतं.

आई या खेपेला ती वही घेऊन आली. मी ती गेल्या रविवारी उघडली. नववी हीट सापडली. पिवळ्यापुढचा X पेनने खोडलेला आहे. वर पेननेच, तुमच्या अक्षरात लिहिलंय: चौघे परत. तारीख नाही, कारण नाही. तुम्ही त्या वहीत कधीही पेन वापरलं नव्हतं. निर्णय बदलू शकतो म्हणून पेन्सिल, असं तुम्हीच सांगायचात.

मी आईला विचारलं. तिने चष्मा लावून पान पाहिलं. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाली. मग चष्मा काढत म्हणाली, "ह्यांच्या कारखान्याच्या ट्रॅकवर एक टेस्ट रायडर पडला होता, आठवतो? पाय गेला होता त्याचा. दिवाळीला यायचा आपल्याकडे, चकल्या न्यायचा."

"आठवतो. यायचा बंद झाला."

"त्याचा रिपोर्ट तुझ्या बाबांनी लिहिला होता. त्याला काढलं. मग एकदा, बऱ्याच वर्षांनी, हे त्याच्याकडे गेले होते. मी विचारलं काय बोलणं झालं, तर म्हणाले चहा छान होता."

या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. पेनची शाई आणि एक चहा, एवढंच आहे. मी ती हीट इंटरनेटवर शोधून काढली. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवली आहे. चित्र एकेक करून पुढे सरकवत पाहिली, निदान वीस वेळा. तेव्हा आपण दोघांनीही न पाहिलेलं एक आहे. पांढरं हेल्मेट बाहेरून आत घसरतं. ते कोणाला लागत नाही. पण त्याला जागा द्यायला पिवळा आत येतो, आणि मग निळा पडतो. पांढरा पुढे निघून जातो. तो हे जाणूनबुजून करतो की त्याला कळतही नाही, हे चित्रावरून ठरवता येत नाही. तुम्हालाही हेच दिसलं होतं का? की तुम्ही हीट परत पाहिलीच नव्हती, नुसताच X खोडला होता? दुसरं असेल तर मला त्याचा उपयोग नाही. ती दया झाली, आणि ती चुकीच्या वहीत झाली.

आता तंत्रज्ञाबद्दल. त्यांना सगळे अंकल म्हणतात, मीही म्हणते. निवृत्तीचं वय उलटल्यामुळे त्यांचा करार दर वर्षी नवा होतो. पुढच्या महिन्यात व्हायचा आहे. 'मानवी चूक' या चौकटीत खूण गेली तर तो होणार नाही, हे कोणी लिहून दिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. मागच्या बुधवारी मी त्यांना लॅबजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, भेटले. उजवा हात बांधलेला, डाव्या हाताने कॉफी ढवळत होते.

"राइट मी लाह, गर्ल," ते म्हणाले, म्हणजे माझंच नाव लिही. "आय नेव्हर लुक. फिनिश."

मी विचारलं, का नाही पाहिलंत. ते हसले. आठ वर्षं कुलूप उघडलं की रोटर थांबलेलाच असायचा, म्हणाले. आधी बघायचे, मग बघणं सुटलं. मग त्यांनी मला विचारलं, "यू ऑल चेंज समथिंग, इझ इट?"

मी म्हटलं, अजून तपासते आहे. त्यांनी मान हलवली आणि माझ्या कॉफीचे पैसे देऊ दिले नाहीत.

मॅनेजर मुंबईचे आहेत. एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलतात, काही हवं असलं की मराठीत. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पॅन्ट्रीत म्हणाले, "अगं, एकच बॉक्स आहे ना? नियम होता, पाळला नाही. ह्यूमन एरर टाक आणि मोकळी हो."

"त्या दिवशी जुना जड रोटर लावायला कोणी सांगितलं?"

"मीच. शेड्यूल होतं. त्याचा काय संबंध?"

संबंध आहे. नवा रोटर हलका आहे, तो साडेतीन सेकंदांत थांबतो. त्याच्यासाठी पाच सेकंद पुरेसे आहेत, आकडेमोड बरोबर आहे, मी चार वेळा तपासली. जुना थांबायला अकरा घेतो. 'फक्त हलक्या रोटरसाठी' अशी अट बदलाच्या फॉर्मवर लिहायला हवी होती. ती लिहिलेली नाही. सेफ्टी ऑफिसरने फॉर्म न विचारता मंजूर केला. मॅनेजरांनी अट वाचली नाही, कारण ती नव्हतीच. अंकलनी काचेतून पाहिलं नाही. चौघं एकाच वळणात, आणि चौकट एकच. तुमच्या जुन्या नियमाने मी पाहिलं तर शेवटची चूक अंकलची आहे आणि X त्यांच्यापुढे जातो. पेनने लिहिलेल्या नियमाने पाहिलं तर चौघे परत, आणि मग अहवालाचा अर्थच उरत नाही, कारण फॉर्म तसं लिहू देत नाही. यांतला कुठला नियम तुमचा, हे मला कळत नाही. पहिला तुम्ही मला शिकवलात. दुसरा तुम्ही मला न सांगता लिहून ठेवलात. माझ्या वहीत, जी मी कधीतरी उघडणार हे तुम्हाला माहीत असणार.

अजून एक. रेफरी उंचावर, काचेच्या खोलीत असतो, आणि तो स्वतः कधीच रेसमध्ये नसतो. मला हा अहवाल का दिला असं मी विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाले, मशीन तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. ते खरं आहे. मी अहवालाचे कागद उचलले आणि जागेवर गेले.

हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे, नवव्या हीटच्या पानात. अहवाल या शुक्रवारी दुपारी बाराला जायचा आहे. मसुद्यात 'मानवी चूक' या चौकटीत खूण आहे. ती मी अपघाताच्या दिवशीच केली, अंकलना भेटायच्या आधी. त्यानंतरचे दहा दिवस मी पुरावे जमवते आहे ते ती खूण पुसायला की टिकवायला, मला सांगता येत नाही. मुद्दा २ मध्ये पंधराचे पाच सेकंद झाले एवढंच लिहिलंय, वर तुम्हालाही तेवढंच लिहिलं. ते पाच सेकंद मी केले. फॉर्मवर सही माझी आहे. आत्ता छापील मसुद्यावर त्या ओळीशेजारी मी माझं नाव लिहिलं आहे. पेन्सिलीने.

तुम्ही पेन का उचललंत, एवढंच मला शुक्रवारी बारापर्यंत कळवा.