‘डे’ अक्षरावरचं नाव

सोलापूर,
३० जुलै २०२५

चि. मीनल हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर सगळं कळलंच आहे, पण बाबांना ऐकू येत नाही आणि तू फोनवर नुसती हसतेस. म्हणून नेहमीसारखं कागदावर लिहितो आहे. तुझी वहिनी याचा फोटो काढून पाठवील. तुझं उत्तर आलं की मी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची प्रत काढून आणीन, म्हणजे बाबांना भिंग लावून दोनदा वाचता येईल.

तर तू आत्या झालीस. शनिवारी सकाळी सव्वासहाला. बाळ-बाळंतीण खुशाल. नाक आपल्या घराण्याचं आलंय, तेवढं एक वाईट झालं.

आता कामाचं. गुरुजींनी पत्रिका मांडली. आश्लेषा नक्षत्र, तिसरा चरण. शांत करायला सांगितली आहे, ती करूच. पण नावाचं अक्षर आलंय ‘डे’. आम्ही सगळे डोकी खाजवत बसलो. बाबांनी बऱ्याच विचारानंतर डमरूधर काढलं. डेबूजी आठवलं, पण ते संतांचं नाव, आपल्या पोराला पेलायचं नाही. गुरुजी म्हणाले की जन्मनाव डेचं ठेवा आणि हाक मारायला दुसरं कुठलंही. पण एवढ्याशा पोराला दोन नावं कशाला? अमेरिकन लोकांत डेची नावं ढिगानं असतात. जर्मनी म्हणजे अमेरिका नव्हे हे मला कळतं, इतका काही अडाणी नाही. पण आमच्यापेक्षा तू जवळ आहेस. तेव्हा मुलांची अमेरिकन नावं, डेपासून सुरू होणारी, अर्थासकट लिहून पाठव. अर्थ चांगला हवा.

नाव ठेवायचा मान आत्याचा. तुला रजा नाही, येता येणार नाही, ते समजलं. निदान नाव तरी तुझ्याकडून येऊ दे. बारसं चोवीस ऑगस्टला, गणपती बसायच्या आधी.

थंडी नसली तरी कानाला बांधून सायकल चालव.

तुझा,
प्रतापदादा

*

आखन, जर्मनी,
३ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र विद्यापीठाच्या खानावळीत जेवताना वाचलं. नाकाच्या वाक्याला इतकी हसले की समोर बसलेल्या हेदरनं काय झालं म्हणून विचारलं. ही हेदर माझ्याच प्रयोगशाळेत असते आणि ती खरोखरच अमेरिकेची, ओहायोची आहे. म्हणजे तुझं काम दोन मिनिटांत झालं असतं. पण दादा, रागावू नकोस, मी ते करणार नाही.

आपल्या घरातली पहिली पदवी माझी. तुम्ही सगळ्यांनी मला शिकवलंत ते नुसत्या नोकरीसाठी नाही, असं मी मानते. मग जे चुकीचं दिसतं ते स्पष्ट सांगणं हे माझं कर्तव्यच आहे. एक तर नक्षत्रावरून अक्षर काढायचं, आणि त्या अक्षराला आपल्या भाषेत नाव नाही म्हणून साता समुद्रापलीकडून उसनं आणायचं! इथे माझ्या ओळखीचे पुण्याचे दोन मुलगे आहेत. कचेरीत सोपं जावं म्हणून एक सॅम झालाय, दुसरा निक. मला त्यांची कीव येते. मी मात्र प्रत्येक खिडकीशी माझं नाव आणि आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगते, आणि पुढच्या माणसानं ते नीट लिहीपर्यंत जागची हलत नाही.

आणि जरा चित्र डोळ्यांपुढे आण. आपला पोरगा तुझ्या कारखान्यात सूत रंगवायच्या हौदाशी उभा आहे, हात कोपरापर्यंत निळे झालेत, आणि मुकादम त्याला डेरेक म्हणून हाक मारतोय. लोक हसतील रे. माझ्या भाच्याला कुणी हसलेलं मला चालणार नाही.

आत्या म्हणून माझा मान आहे ना? मग माझं मत उत्कर्ष. स्वच्छ, अर्थपूर्ण, आपलं. बघ पटतं का.

बाबांना नमस्कार, वहिनींना आणि बाळाला खूप प्रेम. तुझी माया माझ्यावर अशीच असू दे.

तुझी,
मीनल

*

सोलापूर,
९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

चि. मीनल हिला आशीर्वाद.

राखी कालच पोचली. निधीनं सकाळी बांधली आणि तुझ्या वाटणीची ओवाळणीही तीच घेऊन गेली. चुलत बहिणी असतातच तशा.

तुझं पत्र बाबांनी वाचलं. आवडलं त्यांना. पोरगी कशी मुद्देसूद लिहिते, असं दोनदा म्हणाले. तू म्हणतेस ते बरोबर आहे. मला सुचलं, लिहिलं. नाव उत्कर्षच ठेवू. बारशाला तुझ्या जागी निधी पाळण्याशी उभी राहील.

कारखान्यात टॉवेलांची मोठी ऑर्डर आली आहे. दोन पाळ्या चालू आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो.

दादा

*

आखन,
१२ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

खरं सांगू, मला तुझा फार अभिमान वाटला. माणूस शाळेत किती वर्षं गेला याला महत्त्व नाही, नवा विचार स्वीकारण्याची तयारी हवी, हे मी इथे सगळ्यांना सांगते. हेदरलाही तुझी गोष्ट सांगितली. ती मात्र नुसती कॉफी ढवळत राहिली. तिला बहुधा आपल्या चालीरीती कळल्या नसाव्यात.

चोवीस तारखेला मी सकाळी लवकर आवरून फोनसमोर बसेन. वहिनींना सांग, फोन पाळण्याकडे वळवून ठेवा, निधीकडे नको. तिला कॅमेरा दिसला की ती बाळाला विसरेल.

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
मीनल

*

सोलापूर,
२६ ऑगस्ट २०२५

प्रिय मीनलवन्सं यांना वैभवीचा सप्रेम नमस्कार.

बारसं तुम्ही पाहिलंतच. निधीनं कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, सगळं रीतसर झालं. फोन बंद झाल्यावर तुम्हाला भरून आलं, असं निधीला तुम्ही लिहिलंत. ते वाचून मी हे लिहायला बसले. यांना माहीत नाही. बाबांनाही दाखवणार नाही. राग आला तर माझ्यावर काढा.

यांच्याकडे एक वही होती. कारखान्यात सुताच्या लडी मोजायला असते तसली. त्यात यांनी डेची एकवीस नावं लिहून काढली होती. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बघायची आणि मराठीत उतरवायची. पण अर्थ इंग्रजीत, ते यांना नीट लागेनात. मी विचारून बघते म्हटलं तर नाही म्हणाले. अर्थ मीनल लिहील, ती शिकलेली आहे, शिवाय मान तिचा आहे, असं म्हणाले. म्हणून अर्थाची जागा सगळीकडे कोरी ठेवली होती.

तुम्ही विचारलं नाहीत की अमेरिकन नावच कशाला. मीही आधी हसले होते. तेव्हा म्हणाले, मीनल निघून गेली तसं यालाही जायचं आहे. ती इथून सोलापूरची होऊन गेली, तिला जागोजागी आपण कोण ते सांगत बसावं लागतं. हा तिकडचाच असल्यासारखा उतरला पाहिजे. तुम्ही पहिल्या हिवाळ्यात फोनवर रडला होतात, ते तुम्ही विसरला असाल. हे विसरले नाहीत.

तुमचं ते हौदाचं वाक्य यांनी बाबांना भिंगातून वाचू दिलं, मग स्वतः पुन्हा वाचलं. मला म्हणाले, बघ, मीनललासुद्धा तो हौदाशीच दिसला. बस, एवढंच. मी म्हटलं, दोन शब्द लिहा तिला. तर म्हणाले, काय लिहू, बरोबरच आहे तिचं. वही दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेली. आता तिच्यात लडीच मोजतात.

वन्सं, तुम्ही वाईट नाही. पण तुम्ही यांना शाबासकी दिलीत ते पत्र मी यांच्या हातात द्यायला नको होतं.

बाळ खुशाल आहे. आपला लोभ होता तसाच ठेवावा.

आपली,
वैभवी

*

आखन,
२९ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

दादा, तू फोन उचलत नाहीस. म्हणजे वहिनींनी मला कळवलं हे तुला कळलेलं दिसतं. त्यांच्यावर चिडू नकोस. मी ते वाक्य का लिहिलं याचा तीन दिवस विचार करते आहे. विनोदासाठी लिहिलं, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण विनोदातसुद्धा मला बाळाच्या हातात पुस्तक दिसलं नाही, हे खरं आहे. मी स्वतः त्याच गल्लीतून, तुझ्या दोन पाळ्यांच्या जिवावर इथवर आले, आणि तुझ्या मुलाला मात्र तिथेच उभं करून ठेवलं. त्यावर तुला स्वाभिमानही शिकवला. मला फार लाज वाटते आहे.

काल संध्याकाळी मी हेदरकडे गेले होते. सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या दिवशी खानावळीतच विचारायचं होतंस. मग तिनं तिच्या आईलाही फोन लावला. आम्ही तिघींनी बसून तुझं काम केलं. ते असं.

डेरेक म्हणजे लोकांचा राजा. मी ज्याला हसले ते नाव मुळात इथलंच, डीट्रिश या जुन्या जर्मन नावापासून निघालेलं. अमेरिकेतली बरीच नावं अशी इकडूनतिकडून गेलेली आहेत. हे मला आधी माहीत असतं तर उसन्या नावाची भाषा केली नसती. डेव्हिड म्हणजे लाडका. हेदरच्या मोठ्या भावाचं नाव हेच, पण घरोघरी सापडतं. डेनिस म्हणजे मद्याच्या ग्रीक देवाचा भक्त, आणि आपले बाबा माळकरी! डेझमंड हे आयर्लंडमधल्या एका मुलखावरून आलं आहे. डेल म्हणजे दरी, त्यात फारसं काही नाही. आणि सगळ्यांत शेवटी हेदरच्या आईला आठवलं ते डेक्स्टर. दादा, हे मुळात इंग्लंडमधलं आडनाव, आणि त्याचा जुना अर्थ काय असेल? कापड रंगवणारा! मी खुर्चीतून उठलेच. आपले आजोबा, बाबा, तू, आणि मी तरी इथे दुसरं काय करते? रंगाचीच रसायनं ढवळते. तीन पिढ्यांचं नाव, ‘डे’वर, अमेरिकन, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

जन्माचा दाखला अजून निघाला नसेल तर नाव बदलता येईल. निघाला असेल तरी अर्ज करता येतो का ते मी शोधून काढते. उत्कर्ष हे माझं नाव होतं. तू तुझं ठेव. तेवढी एक संधी मला दे.

एकदा तरी फोन उचल.

तुझी,
मीनल

*

सोलापूर,
७ सप्टेंबर २०२५

चि. मीनल हिला दादाचे आशीर्वाद.

काल गणपती गेले. आज सुट्टी आहे, म्हणून निवांत लिहितो.

तुझे फोन पाहिले. उचलले नाहीत, पण ते रागानं नव्हे. तू रडली असतीस आणि मी कशालातरी हो म्हणून बसलो असतो. वैभवीला मी काही बोललो नाही. उलट तीच माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

नाव बदलायचं नाही. दाखला हातात आलाय. बाबांनी तो देवाजवळ ठेवलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काढून दाखवतात. पोरगं आता नाव घेतलं की मान वळवतं, असं वैभवीचं म्हणणं आहे. मला वाटतं ते पंख्याकडे बघतं.

हौदाचं मनात ठेवू नकोस. तू खोटं काही लिहिलं नाहीस. त्याला मांडीवर घेतलं की मलाही आधी हौदच दिसतो. म्हणून तर दुसरीकडचं नाव शोधत होतो. तेच तुझ्या हातून लिहून आलं, एवढं लागलं.

तुझी यादी बाबांना वाचायला दिली. त्यांना डेक्स्टर फार आवडलं. गोऱ्या लोकांतही रंगारी होते म्हणायचे, म्हणून दिवसभर खूश होते. तुलाही ते फार आवडलेलं दिसतं. तू चार बुकं शिकलीस, लांबून बघतेस, तुला त्यात मान दिसतो. दिसू दे. पण तुझ्या यादीतलं तेवढं एक नाव मी कधीच ठेवलं नसतं, मीनल. ज्याच्यापासून पोराला लांब पाठवायचं होतं, तेच त्याच्या कपाळी लिहून कसं पाठवू?

हेदरला आणि तिच्या आईला माझा नमस्कार सांग. परक्या माणसांसाठी त्यांनी संध्याकाळ घालवली.

यापुढे असलं काही तुला विचारणार नाही. यात रुसवा नाही. तू कामात असतेस, आणि मी विचारलं की तुला त्यावर काहीतरी सांगावंच लागतं. तब्येतीला जप. जेवण टाळू नकोस. माया आहे ती आहेच, ती कुठे जात नाही.

तुझा,
दादा

ता. क. डेलपुढे तू लिहिलं आहेस की त्यात फारसं काही नाही. मला तेच आवडलं. दोन डोंगरांमधली जागा, सावली असेल, वारा येत असेल. रंगाच्या वाफेत उभा असताना दोन दिवस मी ते नाव पोराला लावून बघितलं. मग सोडून दिलं.