मिचिकोकडचं बुटकं स्टूल

प्रिय (आज जरा कमीच प्रिय) आई,

तू गेल्याला आठ महिने झाले. रडून झालं, चिडून झालं, तुझ्या साड्या वाटून झाल्या. पण तुझ्यावरून कुणाचा मत्सर वाटायचा राहिला होता, तो आज वाटला. म्हणून घरी आल्या आल्या कोटही न काढता लिहायला बसलेय.

गेल्या उन्हाळ्यात इथे परदेशात, ओंगारला माझ्याकडे तीन महिने राहिलीस. रोज दुपारी "पार्कात चक्कर मारून येते" म्हणून निघायचीस. मी हॉस्पिटलात कौतुकानं सांगायचे, आमच्या मातोश्री रोज चालतात. कसलं चालणं! चार घरं सोडून त्या जपानी मिचिकोकडे जाऊन बसायचीस, हे मला आत्ता कळतंय. एवढी लपवाछपवी कशाला गं? मी काय खाल्लं असतं तुला?

परवा तिनं रस्त्यात तुझी चौकशी केली. मी सांगितलं, आई गेली. मग म्हणाली, शनिवारी चहाला ये.

तर आज गेले. मागच्या खोलीत चटया अंथरलेल्या. बूट काढून गुडघे दुमडून बसले. तिनं आधी इवलीशी मिठाई दिली, मग वाडग्यात हिरवी पूड घालून गरम पाण्यात बांबूच्या ब्रशनं घुसळली. कशाची म्हणून घाई नाही. वाडगा तळहातावर जरासा फिरवायचा आणि मगच प्यायचा. चहा कडू! साखर कमी पडली की कप पुढे सरकवणारी तू, हे निमूट प्यायचीस? माझ्या ग्रीन टीला तर गवताचं पाणी म्हणायचीस.

चहा संपला आणि सवयीनं वाडगा विसळायला उठले. तिनं हाताला धरून खाली बसवलं. पाहुण्यानं उठायचं नसतं, वाडगा तीच समोर बसून धुते. म्हणाली, "तुझी आईसुद्धा पहिल्या दिवशी अशीच उठली होती. मग शिकली बसायला."

शिकली बसायला! माझ्या घरी एकदा तरी बसलीस का, आई? डिशवॉशर असून भांडी घासलीस. माझ्या मोज्यांच्यासुद्धा घड्या केल्यास.

आणि कोपऱ्यात ते बुटकं स्टूल. तुझे गुडघे दुमडत नाहीत म्हणून तिनं मुद्दाम करून घेतलेलं. अगं, दिवसभर लोकांचे गुडघे तपासते मी! मी विचारलं की इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे सगळं झकास, म्हणून मोकळी व्हायचीस. तिला बरं कळलं तुझं दुखणं? असा जळफळाट झाला की ते स्टूल उचलून घरी आणावंसं वाटलं.

शेवटी न राहवून विचारलं, आई काय बोलायची तुझ्याशी?

"फार नाही. दोघींचंही इंग्लिश कच्चं," मिचिको म्हणाली. "पण मायदेशी परत जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, माझी मुलगी चहा उभ्यानं पिते. तिला एकदा बसव."

हे मला का नाही सांगितलंस, असं विचारणार होते. पण सांगत होतीस की, रोज सकाळी. मी गाडीची किल्ली हातात घेऊन ओट्याशी चहा ढोसायचे आणि तू म्हणायचीस, "बस गं जरा." मी म्हणायचे, उशीर होतोय. माझा कप तूच विसळायचीस.

जळणं संपलेलं नाही, सांगून ठेवते. तिला तुझ्या सगळ्या दुपारी मिळाल्या आणि मला घड्या केलेले मोजे. याचं मला फार वाईट वाटतंय.

पण शब्द देते. उद्या सकाळी खुर्ची ओढून बसेन आणि चहा संपेपर्यंत उठणार नाही. आपलाच चहा, आलं घालून, दोन चमचे साखरेचा. समोर तुझाही कप ठेवीन. आणि तू तो विसळायला उठायचं नाहीस. पाहुण्यानं उठायचं नसतं.

तुझी जळकुकडी,
मनू