मोजले तेव्हा बारा

मेरिडियन, मिसिसिपी
सोमवार, २९ डिसेंबर

प्रिय ऑर्विल,

अकराच होते. काल संध्याकाळी स्ट्रँडबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. त्या आता सगळ्या पंचांच्या प्रमुख आहेत. शनिवारच्या सामन्याचं चित्रण त्यांनी चार बाजूंनी पाहिलं. मैदानात बारा खेळाडू आहेत म्हणून मी तीनदा पिवळा रुमाल फेकला, आणि तिन्ही वेळा तिथे अकराच होते.

तू बरा असशील. नेटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. ती काठीशिवाय चालायला लागली का? आमच्याकडे ठीक आहे. परसातली दोन पिकनची झाडं वादळात पडली, तेवढंच. नऊ वर्षांनी पत्र लिहितोय आणि झाडांचं सांगतोय. लिहिता लिहिता मुद्द्यावर येईन.

सामना मोबीलला होता, सत्सुमा बोल, कॉलेज फुटबॉलचा हंगामाअखेरचा. ऑरेगनचं वॉलोवा स्टेट आणि मेरीलँडचं टोबिन स्टेट. याआधी दोघं एकमेकांशी कधीच खेळले नव्हते. कार्यक्रमपत्रिकेवर मोठ्या अक्षरांत ‘पहिली भेट’ असं छापलं होतं. मला बरं वाटलं. जुनी खुन्नस नाही, ओळखीचा चेहरा नाही. दुपारचा दीडचा सामना, लख्ख ऊन, पार पलीकडच्या कडेचा चुना दिसत होता.

पहिल्या डावात चेंडू वॉलोवाकडे. मी नेहमीसारखं त्यांच्यासमोर उभं राहून मोजलं. बारा. रुमाल फेकला. वरच्या खोलीतून चित्रण पाहून निरोप आला, अकरा, खेळ चालू करा. वॉलोवाचा कोच हफ कडेवरून ओरडला, “पंचसाहेब, दहाच्या पुढे मोजायला बूट काढावे लागतात का?” सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या वेळी चेंडू टोबिनकडे होता. दुसरा संघ, दुसरे कपडे. बारा.

आमचा मुख्य पंच कीलर, तुझी पांढरी टोपी आता तो घालतो, धावत आला. “ग्रेडी, काय चाललंय? मी मागून मोजलेत. अकरा पाठी आहेत.”

“मी समोरून मोजलेत.”

“मग समोर कोण जास्तीचा उभा राहिला? तुझी सासू?”

तिसऱ्या वेळेनंतर तो हसला नाही. “आता रुमाल खिशातच ठेव,” एवढंच म्हणाला.

मध्यंतरानंतर टोबिनचा सेंटर, अकाना नावाचा धिप्पाड गडी, चेंडूवर वाकण्याआधी मला म्हणाला, “सर, त्यांच्या त्या माणसाला आवरा ना. आमच्या घोळक्यात घुसतोय.”

“कुठला माणूस?”

“मला काय माहीत? ह्यांना आम्ही आजच बघतोय. सारखं एकच विचारतो. आपण कुठल्या बाजूला जातोय?”

 थोड्या वेळाने चेंडू वॉलोवाकडे गेला आणि त्यांचा एक जण वैतागून म्हणाला, “सर, टोबिनचं एक येडं आमच्यात येऊन उभं राहतंय. दिशा विचारतंय. त्याच्या घरच्यांना बोलवा.”

त्यानंतर मी रुमालाला हात लावला नाही. प्रत्येक खेळीआधी मोजलं, प्रत्येक वेळी बारा आले, आणि प्रत्येक वेळी मी कीलरला मूठ दाखवली. आपली ती मूठ, ऑर्विल. तू मागून अकरा मोजायचास, मी समोरून, आणि आकडा जुळला की दोघांनी मूठ वर करायची. चौदा वर्षं आपण ती एकमेकांना दाखवली. शनिवारी मी चाळीसेक वेळा खोटी दाखवली. वॉलोवा चोवीस-सतराने जिंकले. सगळं सुरळीत झालं, असं सगळे म्हणाले.

तो डावीकडे शेवटी उभा राहायचा, अर्धं पाऊल मागे. हेल्मेटचा पट्टा सुटलेला. मागून फक्त पाठी दिसतात. माझी जागा समोरची, मला चेहरे दिसतात.

डेमरी कोल होता.

जॅक्सनच्या त्या सामन्यात, त्याच्या शेवटच्या खेळीआधी, तो घोळक्यातून माझ्याकडे चालत आला होता. आधीच्या टकरीनंतर सगळे उठले तसा तोही उठला होता, म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं. त्याने मला विचारलं, “सर, आपण कुठल्या बाजूला जातोय?” एक डोळा माझ्याकडे होता, दुसरा नव्हता. त्याच क्षणी शिटी वाजवून त्याला बाहेर पाठवायचं, हे पहिल्या वर्षाच्या पंचालाही कळतं. तीन मिनिटं उरली होती, सामना टीव्हीवर होता. मी हसलो. हात करून दिशा दाखवली. त्याला अकरांत मोजलं आणि तुला मूठ दाखवली. तू माझ्यावर विश्वास ठेवून मूठ दाखवलीस.

तो त्या खेळीनंतर उठला नाही. दोन दिवसांनी गेला.

चौकशीत तू खरं सांगितलंस, की तू मागे होतास, तुला काही दिसलं नाही. त्यांनी त्याला हलगर्जीपणा म्हटलं आणि तुझी टोपी काढून घेतली. मला विचारलं, तुम्हाला काही जाणवलं का? मी ‘नाही’ म्हणालो. पुढच्या वर्षी मला मोठे सामने मिळायला लागले. तू मला एकदाही विचारलं नाहीस, म्हणून मी तुझ्याकडे यायचं बंद केलं.

काल फोन ठेवण्याआधी बाई म्हणाल्या, “ग्रेडी, एक विचित्र गोष्ट आहे. दोन्ही संघांनी एकाच माणसाची तक्रार दिलीय, समोरच्या संघाचा म्हणून. चित्रणात तो नाहीच. कपड्यांवरचा नंबर दोघांनी एकच लिहिलाय, अडतीस. दोन्ही संघांत अडतीस नंबर कुणाचाच नाही. तुम्हाला काही सांगता येईल?”

“लिहून देतो,” म्हणालो.

शुक्रवारी सकाळी दहाला बर्मिंगहॅमला बोलावलंय. अहवाल आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला आणायचाय. डोळे आजच तपासले, उत्तम आहेत. अहवाल दोन पानांचा मागितलाय, माझा पाच पानांचा झालाय, आणि त्यातली तीन जॅक्सनची आहेत. एक प्रत डेमरीच्या वडिलांना पाठवली. ते अजून त्याच घरात राहतात.

शुक्रवारी दुपारपर्यंत पंचांच्या यादीतून माझं नाव जाईल. मग बाई तुला फोन करतील. त्यानंतर बहुतेक कोलसाहेब करतील. नऊ वर्षं त्यांनी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या आहेत, त्यांना शब्द सापडायला वेळ लागेल. त्यांचा फोन तू उचल. माझा आला तर उचलायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

ज्याच्या वाटची शिक्षा तू भोगलीस, तो
ग्रेडी