दारावरचा भाऊ

अण्णा, तुमची सभा मी इथे शिकागोजवळ नेपरव्हिलला आणली. तुम्हाला हसू येईल, कारण ती निघाली अमेरिकेतच, असं तुम्हीच सांगायचात. इथून विलायतेला गेली, तिथून कुणा गोऱ्या फोरमनबरोबर भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आली. पुढे गोरे गेले आणि सभा मागे राहिली. दारू सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची सभा. आता इथले शेजारी मला विचारतात, ही इंडियातली जुनी प्रथा आहे का. मी हो म्हणून टाकते, कुठे सांगत बसा.

तुमचा शनिवार मला अजून दिसतो. आई चहाचं आधण ठेवते, तुम्ही सभेची निळी फीत गळ्यात घालता आणि मला बरोबर नेता. फिटर, गार्ड, झाडूवाले, एखादा साहेब, त्यांच्या बायका, सगळे एकाच सतरंजीवर, सगळे एकमेकांचे भाऊ आणि बहिणी. शपथ घ्यायची ती पाण्याचा पेला हातात धरून. आणि ज्याने शपथ मोडली त्याला काढून न टाकता दारावर उभं करायचं. येणाऱ्याने सभेचा परवलीचा शब्द त्याच्या कानात सांगायचा, मगच तो दार उघडणार, मग येणारा साहेब का असेना. एकदा दारावरच्या लटपटत्या माणसाला मी हसले, तर तुम्ही मला बाजूला घेतलंत. मग म्हणालात, "त्याला हसायचं नाही. तिथे मीही उभा राहिलोय. हाकलला असता तर सरळ गुत्त्यावर गेलो असतो." मी लहान होते, मला निम्मंच कळलं.

तुमच्या जावयाला तुम्ही पाहिलं नाहीत, त्याआधीच गेलात. माणूस गोड आहे. पण इथे कंपन्यांनी धडाधड माणसं कमी केली तेव्हा त्याचीही नोकरी गेली, सकाळी शिकागोची ट्रेन पकडणं बंद झालं आणि तो बेसमेंटमध्ये बसायला लागला. गेट-टुगेदरला पुरुषांनी खाली ग्लास घेऊन बसायचं आणि बायकांनी वर पोळ्या गरम करायच्या, ही आमच्याकडची रीतच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. एका दुपारी प्यायलेला तसाच तो मुलीला शाळेतून आणायला गाडी काढत होता. मी किल्ली हिसकावून घेतली, आणि त्याच संध्याकाळी सांगितलं की दर शनिवारी आपल्या बेसमेंटमध्ये सभा भरेल.

"तू इथे भुसावळ काढणार? लोक काय म्हणतील, यार. फार एम्बॅरसिंग आहे हे."

"म्हणू देत," मी म्हणाले.

पहिल्या शनिवारी फजिती झाली. नागपूरचं एक तरुण जोडपं चमचमत्या कागदात वाइनची बाटली घेऊन आलं. "रिकाम्या हाताने कसं यायचं, काकू?" ती पोरगी रडकुंडीला आली. आमच्या गल्लीतले रिटायर्ड डॉक्टरकाका पोट धरून हसले, पण माझं लक्ष नवऱ्याकडे होतं आणि त्याचं बाटलीकडे. मी ती त्यांच्याच गाडीत ठेवायला लावली. मग सगळ्यांनी पाण्याचे पेले उचलले. त्यानेही उचलला, सर्वांत शेवटी.

हिवाळा सरत आला तरी त्याने निभावलं. मग एका शनिवारी दुपारी म्हणाला, "आजचं कॅन्सल कर. काल मी घेतली."

खूप रडावंसं वाटलं, आणि रागही तितकाच आला होता. मी म्हटलं, "कॅन्सल काही होणार नाही. आज दारावर तू."

"माझ्याच घराच्या?"

"हो."

तो गेला खरा, पण काचेआडून नुसता बघत राहिला. बाहेर बर्फ पडत होता आणि डॉक्टरकाका पायरीवर उभे. तो परवलीचा शब्द विचारेना, आणि विचारल्याशिवाय काका आत येईनात. टोपीवर बर्फ साचला. मला धावत जाऊन दार उघडावंसं वाटत होतं, मी जिन्याचा कठडा धरून उभी राहिले. शेवटी काकाच म्हणाले, "अरे भाऊ, विचार ना. गारठलो मी." त्याने दार किलकिलं करून विचारलं. काकांनी वाकून त्याच्या कानात शब्द सांगितला आणि तिथेच त्याला मिठी मारली. त्या संध्याकाळी आलेल्या प्रत्येकाला त्यानेच आत घेतलं.

तो पुन्हा घेईल, कदाचित याच महिन्यात. घेतली तर पुन्हा दारावर उभा राहील, मी सभा बंद करणार नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकते. समाजासाठी सभा काढली म्हणून इथे सगळे माझं कौतुक करतात. मला समाजाचं काही पडलेलं नाही, अण्णा. मला एक माणूस हवाय, बाकीचे मी त्याच्या सोबतीला बोलावलेत.