लाल येत नाही

१६ एप्रिल
जयंतीची खीर अजून फ्रीजमध्ये. कोणी खात नाही.
आज प्रिंटर लावला. यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून चादरीखाली पडून होता. कागद निघाला, पण चित्रातला चहा हिरवट आणि टमाटा लिंबासारखा पिवळा. लाल शाई वाळून बसली. थेरपीवाली पोरगी म्हणते, "काकू, चित्रं खऱ्या रंगात पाहिजे, तरच ओळखतील." दर आठवड्याला तिची नवी कार्डं छापायची. झेरॉक्सचं दुकान चौकातच आहे, पण या उन्हात यांना सासूबाईंच्या भरवशावर टाकून जायचं म्हणजे आधी सासूबाईंना सांभाळायला कोणी पाहिजे.
तिला विचारलं, यांना समजतं किती? "अभी नाही सांगता येत, काकू." बोलणं गेलं, उजवा हात गेला. पाण्याचं कार्ड धरलं की कधी त्याकडे बघतात, कधी पंख्याकडे. मला एवढंच कळायला हवं आहे, आत आपला माणूस आहे की नाही.

१८ एप्रिल
वाळलेली शाई कशी सोडवायची ते मोबाइलवर बघून कार्ट्रिज काढली. नळाचं पाणी चालत नाही, डिस्टिल्ड लागतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायच्या पाण्याची बाटली घरात होतीच. वाटीत कोमट केलं, टिशू भिजवला, त्यावर कार्ट्रिज उभी केली. निळा आणि पिवळा पट्टा उमटला. लाल नाही.
यांच्या खाटेशीच बसले होते. हे सगळं काम यांचं. कळमेश्वरच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे, आणि घरात मला प्रिंटरला हात लावू द्यायचे नाहीत. आता लावा म्हणावं.

१९ एप्रिल
पुन्हा तोच उद्योग. यांनी डाव्या हातानं बाटली ढकलली. मी उचलून ठेवली. पुन्हा ढकलली, वाटी उलटली, चादर निळी. माझं डोकं फिरलं. "काहून त्रास देऊन राहिले तुम्ही मले? लहान आहे का आता?" भिंतीकडे तोंड केलं त्यांनी.
थेरपीवालीला फोन केला. म्हणाली, चिडचिड होते अशा पेशंटची, मनावर घेऊ नका.
चादर धुतली. डाग गेला नाही.

२१ एप्रिल
आता निळाही बंद. जे चालू होतं तेही मी बंद केलं.
दुपारी सा.बा. इस्त्री घेऊन बसल्या. "माही बाटली कुठी गेली वं? बॅटरीवाली?"
तुमची कशी?
"मी त त्यात बोरिंगचं पाणी भरून ठेवलं होतं, कपड्यावर शिंपडाले. अस्सल पाणी कधीचंच संपलं."
या बाईला रिकामी बाटली दिसली की भरल्याशिवाय चैन पडत नाही. आणि आमच्या बोरिंगच्या पाण्यानं बादलीलासुद्धा पांढरा थर चढतो. कपाळावर हात मारला.
मग एकदम लक्षात आलं. खाटेवरून मोरी दिसते. यांनी आईला बाटली भरताना पाहिलं होतं. मला तेच सांगत होते.

२२ एप्रिल
इन्व्हर्टरवाल्याकडून सीलबंद बाटली मागवली. जुनी पुढे धरली, ढकलली. नवी धरली. हात लावला, ढकलली नाही. परत एकदा केलं. तसंच.
सा.बा.ना मिठी मारली. "काहून वं, का झालं तुले?" सांगता येईना. आहेत. हे आत पूर्ण आहेत. रडले बराच वेळ, आनंदानंच.
भाजी फोडणीला टाकताना हात थांबला. समजतं म्हणजे सगळंच समजत आलं आहे. गेल्या महिन्यात वंदीचा, माझ्या बहिणीचा फोन आला होता. कूलरच्या आवाजात जोरात बोलावं लागतं, आणि मी यांच्या उशाशी उभी राहून म्हणाले होते, "यापेक्षा त्याच दिवशी सुटले असते तं बरं झालं असतं वं."
भाजी करपली.

२३ एप्रिल
त्यांच्याकडे नीट बघता येत नाही. जेवण भरवलं, अंग पुसलं. तेही माझ्याकडे बघत नाहीत. की मलाच तसं वाटतं?

२५ एप्रिल
नव्या पाण्यानं सकाळी टिशूवर लाल आला. फिका, पण आला. निळ्याचं अजून काही खरं नाही.
'हो' आणि 'नाही' ही दोन कार्डं छापली. नुसत्या अक्षरांना कुठला रंग लागतो. यांच्यासमोर चादरीवर ठेवली. पाणी पाहिजे? हो. पंखा कमी करू? नाही. चटचट. पोरगी असती तर नाचली असती.
मग सा.बा. बाहेर गेल्यावर विचारलं. वंदीशी मी फोनवर बोलले, ते ऐकलं तुम्ही?
माझ्याकडे बघितलं. पुष्कळ दिवसांनी असं बघितलं. मग हात हळूच उचलला. कुठल्या कार्डाकडे जातो ते दिसायच्या आत मी दोन्ही कार्डं ओढून घेतली.
चहा टाकते म्हणाले आणि उठले. दारातून वळून पाहिलं, तर हात तिथेच होता, चादरीवर, कार्डांच्या जागी.